प्रश्न विचारणारा धाकटा : मराठी हग्गादेच्या निमित्ताने

पनवेलकडून रोह्याकडे जाणारी गाडी पेण, कासू, नागोठणे अशी स्थानके घेत निडीला येते. निडी हे लहानसे स्थानक, त्यापुढचे रोहे. या पट्ट्यातील गावांची नावे आडनावांच्या रूपाने फार दूरवर पोहोचली आहेत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही नावे कानी पडली की एखादे अस्सल कोकणी मराठी घर डोळ्यांसमोर उभे राहते, आणि त्यात चूक काहीच नाही. परंतु या आडनावांची कितीतरी घरे आज इस्राएल देशातील अश्दोद, दिमोना, बेरशेबा अशा नगरांत नांदत आहेत. ती बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणच्या यहुदी बांधवांची घरे होत.

रोह्याला लागून कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी. ही कुंडलिका पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्रास मिळते. तेथे एका अंगास रेवदंडा, जेथे बेने इस्राएलांचे जुने सभास्थान आहे. दुसऱ्या अंगास कोर्लई, जेथे आपले कॅथॉलिक बांधव पोर्तुगीज वळणाची स्वतःची बोली आजही बोलतात आणि कार्मेल डोंगराच्या मातेच्या मंदिरात प्रार्थनेस जमतात. कार्मेल हा एलिया संदेष्ट्याचा डोंगर, आणि ‘एलियाहू हन्नबी’ हे तर बेने इस्राएलांचे परमश्रद्धेचे नाव. घरात शुभकार्य असो वा नवस फेडावयाचा असो, पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा मांडून ते एलियाहूचे स्मरण करतात. एकाच नदीच्या काठी इतकी वर्षे राहूनही आपण एकमेकांची पुस्तके किती वाचली, असा प्रश्न स्वतःस विचारला तर उत्तर फारसे अभिमानास्पद येणार नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असेच एक आपण न वाचलेले मराठी पुस्तक आहे.

1874 मध्ये पुण्यात शिळाछापावर छापलेली ‘हग्गादा’ हे ते पुस्तक. ‘हग्गादा’ म्हणजे कथन. ओलांडणाच्या सणाच्या रात्री यहुदी कुटुंब भोजनास बसले म्हणजे मिसर देशातील दास्य व त्यातून झालेली सुटका यांची कथा ज्या क्रमाने वाचावयाची, तो क्रम सांगणारे हे पुस्तक होय. मुंबईत 1846 साली मराठी भाषांतरासह एक हग्गादा निघाली होती. पुण्याची प्रत तिच्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी निघाली. 1968 मध्ये न्यूयॉर्क येथे तिची हुबेहूब प्रतिकृती प्रसिद्ध झाली, आणि त्यामुळेच ती अनेक अभ्यासकांच्या दृष्टीस पडू शकली. एका बाजूस हिब्रू, तिच्या सोबतीने मराठी. पण वाचकाचे चित्त प्रथम वेधतात ती चित्रे. साड्या नेसलेल्या स्त्रिया बसून बेखमीर भाकरी तयार करीत आहेत. अ‍ॅम्स्टरडॅमच्या जुन्या हग्गादांतून आलेली चित्रांची परंपरा येथे कोकणच्या माजघरात उतरली आहे. मिसरची कथा सांगणारे पुस्तक पहिल्याच पानांत सांगते, की ही कथा आमच्या घरची आहे.

या पुस्तकाचे मोल कळण्यासाठी त्याच्या आधीचे विस्मरण ध्यानात घ्यावे लागते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. पुस्तके समुद्रात गेली. तेलघाणी चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. सुंता राहिली, शब्बाथ राहिला, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम राहिला. डेव्हिड रहाबी नावाच्या विद्वानाने त्यांची पारख केली ती स्वयंपाकघरात, असे सांगतात: त्याने निरनिराळे मासे रांधावयास दिले, तेव्हा स्त्रियांनी खवले नसलेले मासे बाजूस काढले. प्रार्थना मात्र एकच उरली होती, ‘शमा’. देव एकच आहे, हे ऐकण्यास इस्राएलाला सांगणारी ती प्रार्थना जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई.

सणांचे काय झाले, हे हाईम सॅम्युएल किहिमकर यांच्या बेने इस्राएलांच्या इतिहासात वाचावयास मिळते. हा ग्रंथ 1897 मध्ये लिहून पूर्ण झाला, पण छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीव येथे. त्यात जुन्या सणांची मराठमोळी नावे आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. ओलांडणाच्या सणाचे नाव होते ‘अनाशी ढाकायचा सण’. आंबट रसाचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवीत, म्हणून हे नाव. या नावापाशी वाचकाने थोडे थांबावे. समुद्र दुभंगला, दासांची फौज एका रात्रीत राष्ट्र झाली, मोशेने काठी उगारली. या साऱ्याचे उरले काय, तर एका भांड्यावरचे झाकण! आंबट वस्तू टाळणे हा खमीर वर्ज्य करण्याच्या आज्ञेचाच अवशेष असावा. आज्ञा पाळली गेली, इतक्या शतकांच्या एकाकीपणात निष्ठेने पाळली गेली. पण ती कशासाठी, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. या समाजाच्या निष्ठेपुढे मान लवते. तरीही, रीत कथेवाचून किती काळ जगते आणि जगताना तिचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

मग कोचीनकडून शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. बेने इस्राएल मुले हिब्रू शिकली आणि त्या शिक्षणातून ख्रिस्ती न होता अधिक जाणते यहुदी होऊन बाहेर पडली. मिशनऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणे हे घडले नसेल. देवाच्या योजनेत ते बसत होते की नाही, याचा निवाडा आपण न केलेला बरा. या जागृतीच्या ओघात मराठी हग्गादा आली, आणि भांड्यावरचे झाकण निघाले.

ते निघाले कसे? येथे माझ्या मते या ग्रंथाचे खरे मर्म आहे. हग्गादेतील कथन वडील माणूस आपण होऊन सुरू करीत नाही. घरातील सर्वांत धाकट्याने आधी विचारावयाचे असते: आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? धाकट्याने विचारल्यावाचून कथेला तोंड फुटत नाही. इसवी सनाच्या 200 च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नात ही रीत आढळते, आणि तिचे मूळ तोरामध्येच आहे. निर्गमाच्या पुस्तकात तीनदा व अनुवादाच्या पुस्तकात एकदा, तुमचा मुलगा विचारील तेव्हा त्याला काय सांगावे, हे मोशेच्या मुखातून आले आहे. पैकी एका ठिकाणी मुलाने विचारल्याचा उल्लेख नाही; तेथे बापाने आपण होऊन सांगावयाचे आहे. मुलगा विचारणार, हे नियमशास्त्राने गृहीत धरले आहे. त्याने विचारू नये, असे कोठेही म्हटलेले नाही.

मुलाने विचारावे म्हणून रब्बींनी केलेल्या युक्त्या पाहिल्या तर गंमत वाटते. तलमूद सांगतो, की त्या रात्री मुले झोपी जाऊ नयेत म्हणून भाकरी घाईने ओढून घ्याव्यात. रब्बी अकिबा सणाच्या आदल्या सायंकाळी मुलांना भाजलेले दाणे व अक्रोड वाटीत, म्हणजे मुले जागी राहतील व विचारतील. एवढा मोठा शास्त्री, ज्याच्या नावाने शेकडो निर्णय सांगितले जातात, तो ओंजळीत दाणे घेऊन पोरांमागे फिरतो आहे, हे चित्र मला त्याच्या पांडित्याइतकेच थोर वाटते.

चार पुत्रांचे प्रकरण हा हग्गादेचा सर्वांत प्रसिद्ध भाग. एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा आणि एक विचारणेच न जाणणारा. तोरातील चार स्थळांचा एकेक पुत्र कल्पून केलेली ही रचना वरवर पाहता शाळेतील गुणपत्रिकेसारखी वाटते. शहाणा नियमांविषयी सविस्तर विचारतो. त्याला सविस्तर उत्तर मिळते. दुष्ट विचारतो, की तुमची ही सेवा कशासाठी? त्याने ‘तुमची’ म्हटले, ‘आपली’ म्हटले नाही. स्वतःस समाजातून वगळले. म्हणून त्याला खडसावावे, आणि तू तेथे असतास तर तुझी सुटका झाली नसती असे त्याला ऐकवावे, असा ग्रंथाचा आदेश आहे.

येथे टीकाकाराने अडून राहिलेच पाहिजे. कारण अनुवादाच्या पुस्तकात शहाण्या पुत्राच्या तोंडी घातलेला जो प्रश्न आहे, त्यातही परमेश्वराने ‘तुम्हांस’ आज्ञा दिली, असेच शब्द प्रचलित हिब्रू संहितेत आहेत. मग एकाच शब्दासाठी एकाला शाबासकी व दुसऱ्याला चपराक का? जुन्या ग्रीक भाषांतरात व काही रब्बिनी पाठांत त्या ठिकाणी ‘आम्हांस’ असा पाठ सापडतो, आणि त्यायोगे अडचण मिटल्यासारखी होते. पण पाठभेदाने अडचण मिटवणे मला थोडे सोयीचे वाटते. दोघे भाऊ एकच सर्वनाम वापरतात, हेच अधिक खरे आहे. विशीतला कोणता मुलगा बापाच्या धर्माला प्रथम ‘तुमचा’ म्हणत नाही? ‘तुमचा’पासून ‘आपला’पर्यंतचे अंतर चालून जाणे, यालाच आपण आध्यात्मिक वाढ म्हणतो. शहाणा आणि दुष्ट यांतील भेद सर्वनामात नसून पुढे थांबण्यात आहे: एकाला उत्तर हवे आहे, दुसऱ्याला नको आहे. हे ओळखावयाचे तर बापाने आधी उत्तर देऊन पाहावे लागते. हग्गादेतील बाप येथे घाई करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि या मताला आधार खुद्द यहुदी परंपरेतच मिळतो. दुष्ट पुत्राचा प्रश्न निर्गमाच्या बाराव्या अध्यायातून घेतला आहे. तेथे मोशे त्या मुलाला चपराक देण्यास सांगत नाही, सरळ उत्तर देण्यास सांगतो. आणि ते ऐकल्यावर लोकांनी मस्तके लववून नमन केले, असे पुढे येते. नमन कशासाठी? अकराव्या शतकातील थोर भाष्यकार राशी जुन्या मिद्राशाच्या आधारे सांगतो, की सुटकेच्या आणि देशाच्या वार्तेबरोबरच आपल्याला पुत्र होतील या वार्तेसाठी त्यांनी नमन केले. हे पुत्र कोणते? त्या स्थळी उल्लेख आहे तो वाकडा प्रश्न विचारणाऱ्या पुत्राचाच! दासांच्या तान्ह्या मुलग्यांना नदीत टाकण्याचा हुकूम ज्यांनी भोगला होता, त्यांना उद्या आपला मुलगा समोर उभा राहून उलट विचारील, हीदेखील शुभवार्ता वाटली. हग्गादेच्या कठोर ओळीशेजारी हे भाष्य ठेवून वाचल्यावाचून तो भाग कोणी मुलांपुढे वाचू नये, असे मी म्हणेन.

चौथ्या पुत्राविषयी एक बारीकशी, पण फार हृद्य गोष्ट आहे. जो विचारणे जाणत नाही त्याच्यासाठी ‘तू आरंभ करून दे’ असे ग्रंथ सांगतो. हिब्रूत ‘तू’ या शब्दाची पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूपे वेगळी असतात, आणि येथे आले आहे ते स्त्रीलिंगी वाटणारे ‘अत्त’. व्याकरणकार म्हणतात, की जुन्या वापरात हे रूप पुरुषासाठीही येई, आणि त्यांचे म्हणणे मानावयास हरकत नाही. परंतु भाविक वाचकांनी त्यात आईला पाहिले: जेथे बापाचे शास्त्र संपते तेथे आईने हळूच मुलाचे तोंड उघडावे. ज्या समाजाची पारख स्वयंपाकघरात झाली, त्या समाजाला हा अर्थ पटल्यास नवल नाही. मात्र एक उणीव नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही. पुत्र चार, पण कन्या एकही नाही. पुण्याच्या प्रतीत भाकरी करणाऱ्या स्त्रिया चित्रात पुढे बसलेल्या आहेत आणि मजकुरात त्यांच्या मुली कोठेच विचारताना दिसत नाहीत. चित्रकार मजकुराच्या पुढे गेला आहे.

हग्गादेत पुढे बने बराक येथील रात्र येते. पाच रब्बी रात्रभर मिसरातून झालेल्या सुटकेविषयी बोलत राहिले. शेवटी त्यांच्या शिष्यांनी येऊन सांगितले, की गुरुजनहो, सकाळच्या ‘शमा’ची वेळ झाली. वृद्ध बोलण्यात रंगले आणि तरुणांनी पहाट झाल्याचे सांगितले, इतकाच हा प्रसंग. पण त्या पाचांत दोघे असे आहेत, की त्यांच्या कथा ठाऊक असल्या तर या प्रसंगाला वेगळाच उजाळा येतो.

पहिला अकिबा. चाळीस वर्षांचा होईतो त्याला अक्षरओळख नव्हती, असे परंपरा मानते. विहिरीच्या तोंडाशी पाण्याने झिजलेला दगड पाहून त्याला वाटले, की पाणी दगड कोरते तर शास्त्र माझे हृदय का कोरणार नाही? तो आपल्या मुलाला घेऊन पंतोजीकडे गेला. पाटीचे एक टोक बापाने धरले, दुसरे मुलाने, आणि दोघे मिळून अक्षरे गिरवू लागले. दुसरा एलाजार बेन अजर्या. बाबिलोनी तलमुदाप्रमाणे रब्बान गमलिएलाला पायउतार करून विद्यापीठाचे प्रमुखपद एलाजाराला दिले गेले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. तुमचा एकही केस पांढरा नाही, असे पत्नीने म्हणताच त्याच्या दाढीच्या अठरा बटा पांढऱ्या झाल्या. म्हणूनच हग्गादेत तो स्वतःला सत्तर वर्षांचा नव्हे, सत्तर वर्षांच्या ‘माणसासारखा’ म्हणवतो. एक चाळिशीत बालक झाला, दुसरा अठराव्या वर्षी वृद्ध झाला. आणि ते दोघे एका रात्री एकाच चटईवर बसले आहेत.

एलाजाराची कथा येथे संपत नाही. गमलिएलाच्या काळी विद्यापीठाच्या दारावर पहारेकरी असे, आणि ज्याचे अंतरंग बहिरंगासारखे नाही त्याला आत प्रवेश नसे. नवा प्रमुख येताच पहारेकरी हटवला. त्या दिवशी किती बाके वाढवावी लागली, याविषयी तलमुदात मतभेद आहे. कोणी चारशे म्हणतात, कोणी सातशे. गमलिएल ते पाहून खिन्न झाला: मी इस्राएलापासून तोरा रोखून तर धरली नाही ना? पुढे समेट झाला. गमलिएलाने तीन आठवडे शिकवावे व एलाजाराने एक, अशी वाटणी ठरली. तरुणाला काढून टाकले नाही आणि वृद्धालाही अडगळीत टाकले नाही. धर्मग्रामाच्या मंडळांत कोणी कोणत्या खुर्चीवर किती वर्षे बसावे, यावरून होणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही वाटणी बरेच काही सुचवील.

तरुण म्हणजे शहाणा, असा या परंपरेचा भाबडा समज मात्र नाही. सोलोमनाचा मुलगा रहबाम याने वृद्धांचा सल्ला झुगारला, बरोबरीच्या तरुणांचे ऐकले आणि राज्य दुभंगले. त्याचाच दाखला घेऊन तलमुदात म्हटले आहे, की तरुण बांधा म्हणाले व वृद्ध पाडा म्हणाले तर पाडावे. कारण वृद्धांचे पाडणेही बांधणे असते. ‘पूर्वजांची वचने’ या मिश्नाच्या भागात तर यावर छोटासा वादच आहे. बालपणी शिकणे हे कोऱ्या कागदावर शाईने लिहिण्यासारखे, असे एक सांगतो. (हे सांगणारा एलिशा बेन अबूया पुढे धर्म सोडून गेला, कोऱ्या कागदावरची शाईही पुसली जाते, हे त्याचेच आयुष्य दाखवते.) तरुणांपासून शिकणे हे कच्ची द्राक्षे खाण्यासारखे, असे दुसरा म्हणतो. त्यावर रब्बी यहुदा, मिश्नाचा संपादक, म्हणतो की भांड्याकडे पाहू नका, आत काय आहे ते पाहा: नव्या भांड्यात जुना द्राक्षारस असू शकतो, आणि एखाद्या जुन्या भांड्यात नवा देखील नसतो. अनाशीच्या झाकलेल्या भांड्यावरून येथवर आल्यावर हा दृष्टान्त मला विशेष अर्थपूर्ण वाटला. ज्याला आपण तारुण्य म्हणतो ते या परंपरेच्या लेखी वय नाही. भांडे उघडून पाहण्याची तयारी म्हणजे तारुण्य.

आता आपल्याकडे वळू. कॅथॉलिक घरांतील धर्मशिक्षणही प्रश्नोत्तरांनीच चालत आले आहे. पण आपल्या प्रश्नोत्तरीत विचारतो कोण? गुरुजी, मास्तरीण किंवा आई. उत्तर देतो मुलगा. प्रश्न छापील, उत्तरही छापील. मुलाचे काम पाठ म्हणण्याचे. हग्गादेत हीच दिशा उलट आहे. प्रश्नोत्तरीने आपल्या अनेक पिढ्यांना श्रद्धेची निश्चित भाषा दिली. ते ऋण मी नाकारीत नाही, आणि बेने इस्राएलांना एका शमाने तारले तसे संकटकाळी पाठ केलेलेच तारते, हेही खरे. परंतु दृढीकरण संस्कार झाला की मुले धर्मशिक्षणाच्या वर्गातून जी जातात ती परत येत नाहीत, ही तक्रार प्रत्येक धर्मग्रामात ऐकू येते. आपण दिलेली उत्तरे त्यांना पाठ असतात. त्यांचे प्रश्न आपण ऐकलेले नसतात.

वास्तविक आपल्यापुढे उदाहरण आहे. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडतो, तो ओलांडणाच्याच सणानंतर. तो काय करीत होता? ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता. त्याच्या उत्तरांनी लोक थक्क झाले, हे आपल्याला नेहमी सांगितले जाते. आधी त्याने विचारले, हे क्वचितच. घरी विचारण्याची सवय असलेला यहुदी मुलगा तेथे बसला होता. योसेफाच्या घरी ओलांडणाच्या रात्री पहिला प्रश्न कोणी विचारला असेल, याचा विचार आपल्या किती प्रवचनांत येतो?

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभही असाच झाला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात पाद्री गुरू सांगतो खरा, पण श्रोते मधून मधून शंका काढतात आणि कथा त्या शंकांच्या अंगाने पुढे सरकते. बेने इस्राएलांनी 1880 च्या सुमारास सुरू केलेल्या मराठी कीर्तनांशी त्याची तुलना करण्याजोगी आहे. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने त्यांनी कीर्तनाच्या थाटात रचली, आणि तो आपल्या भाषेचा ठेवाच आहे. पण कीर्तनात श्रोता डोलतो, विचारीत नाही. त्या एका बाबतीत ‘क्रिस्तपुराण’ हग्गादेला अधिक जवळचे आहे. आपण मात्र पुराणातील गुरू तेवढा ठेवला आणि शंका काढणाऱ्या श्रोत्याला चारशे वर्षांत कोठे हरवून बसलो कोण जाणे.

यावरून आपल्या धर्मग्रामांतही हग्गादा वाचावी, असे कोणी सुचवील. पवित्र आठवड्यात पास्काच्या भोजनाचे प्रयोग काही ठिकाणी होतात. हेतू चांगला असतो. पण सावधगिरी हवी. हग्गादेचा आजचा क्रम यरुशलेमचे मंदिर इसवी सन 70 मध्ये पडल्यानंतर घडत गेला. प्रभूच्या शेवटच्या भोजनाची ती संहिता नव्हे. शिवाय ती जिवंत समाजाची प्रार्थना आहे, आपल्या रंगमंचासाठी पडून असलेली सामग्री नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 च्या घोषणापत्रात यहुदी बांधवांशी परस्परपरिचय व आदर वाढवण्यास सांगितले. त्यांचा सण उसना घेण्यास सांगितले नाही. परिचय करावयाचा तर पेण व अलिबाग येथील सभास्थाने दूर नाहीत.

त्या सभास्थानांभोवतीची घरे मात्र बव्हंशी गेली आहेत. 1948 नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलात गेले. तेथे त्यांना दुसऱ्याच प्रकारच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले: तुम्ही खरे यहुदी का? ज्यांनी शतकानुशतके झाकण सांभाळले त्यांच्या विवाहांवर तेथील धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली. तरुण बेने इस्राएल रस्त्यावर उतरले, धरणे धरले, आणि 1964 मध्ये तेथील संसदेने त्यांना इतर यहुद्यांच्या बरोबरीचे म्हणून मान्य केले. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी काढले. प्रश्न विचारण्याचा अधिकार केवळ पहारेकऱ्याचा नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

ओलांडणाच्या रात्री एलियासाठी एक पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. तो बापांची अंतःकरणे मुलांकडे व मुलांची बापांकडे वळवील, असे मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी सांगितले आहे. लूकने तेच कार्य योहान बाप्तिस्त्याच्या जन्मवार्तेत जोडले आहे. मलाखीने आधी बापांचे नाव घेतले आहे, हे लक्षात घ्यावे. वळावयाचे आहे ते आधी थोरांनी.

आणि ज्या घरात धाकटे कोणी उरलेच नाही, तेथे काय करावयाचे? कुंडलिकेकाठच्या एखाद्या घरात, जेथील मुले अश्दोदला व नातवंडे त्याहून दूर, तेथे हा प्रश्न खराच उभा राहतो. तलमुदाने त्याची सोय केलेली आहे. मुलगा नसेल तर पत्नीने विचारावे. दोन पंडित असतील, सारे नियम तोंडपाठ असतील, तरी त्यांनी एकमेकांना विचारावे. आणि माणूस एकटाच असेल, कितीही वृद्ध असो, तर त्याने त्या रात्री पेला भरून समोर ठेवावा आणि स्वतःच स्वतःला मोठ्याने विचारावे, की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का.